ग्रीनलँडचं घबाड

ग्रीनलँडचा बर्फ वितळतोय आणि भल्याभल्यांच्या तोंडाला पाणी सुटतंय. नवल काही नाही. १९४६ साली अमेरिकेने हे अख्खं बेट विकत घ्यायला डेन्मार्कला दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं होतं. डेन्मार्क बधला नाही.

तिथल्या इविट्टूटच्या क्रायोलाइटची गोष्ट तर ऐकाच. या पांढऱ्या दगडाचा एवढा मोठा नैसर्गिक साठा जगात दुसरीकडे मिळालेला नाही. त्याचा स्वच्छ तुकडा पाण्यात टाकला की जवळजवळ गायब! प्रकाश पाण्यात जेवढा वळतो, साधारण तेवढाच या दगडात वळतो, त्यामुळे कडाच दिसत नाहीत. पण खरी करामत भट्टीत. अ‍ॅल्युमिना वितळवायला २,००० अंशांहून जास्त तापमान लागतं. वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये तो हजाराच्या आसपासच विरघळतो आणि त्यातून अ‍ॅल्युमिनियम काढता येतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी हा धातू हवाच होता, म्हणून अमेरिकेने या खाणीवर पहारा बसवला. १९८७ मध्ये खाण बंद झाली. कारखान्यांना कृत्रिम क्रायोलाइट मिळू लागलं होतं.

टुगटुपाइट हा ग्रीनलँडचाच आणखी एक नखरेल दगड. अंधारात फिका पडतो, उन्हात धरला की पुन्हा गुलाबी.

तिथल्याच डिस्को बेटावर १८७० मध्ये नॉर्डेनशल्ड या संशोधकाला लोखंडाचे प्रचंड गोळे सापडले. आकाशातून पडलेत, असं त्याला वाटलं. निघाले पृथ्वीवरचेच, बेसॉल्टमधले! बेसॉल्ट आपल्या सह्याद्रीतही ढिगाने आहे, पण असं आयतं लोखंड काही आपल्या नशिबी नाही.

आता मेख. बर्फ हटला की खजिना उघडा, हे अर्धसत्य आहे. गाजलेले बरेचसे साठे किनाऱ्यालगत, आधीच उघड्या असलेल्या जमिनीत आहेत. नारसाकजवळच्या क्वानेफेल्डमध्ये दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं आहेत, पण सोबत युरेनियमही. त्यावरून २०२१ ची निवडणूक गाजली आणि त्याच वर्षी युरेनियमच्या खाणकामावर बंदी आली.

वितळत्या पाण्याने खरोखर दारात आणून टाकलंय ते गाळ आणि वाळू. जगातल्या नद्या समुद्रात जेवढा तरंगता गाळ ओततात, त्यातला सुमारे ८ टक्के एकट्या ग्रीनलँडचा. वाळूमाफियांनी मात्र हुरळून जाऊ नये. तिथे एका गावातून दुसऱ्या गावात जायलाच सहसा रस्ता नसतो, डंपर पळवणार कुठून?