मूळ शोधा, पैसे वाचवा

जमीन आपण गुंठ्यांत मोजतो. कुंपणाची तार मात्र फुटांत मोजावी लागते. मग गुंठ्यांवरून फूट कसे काढायचे? ते आज पाहू.

३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. ३३ ला ३३ ने गुणले की १,०८९ येतात. म्हणून एका गुंठ्यात १,०८९ चौरस फूट असतात.

आता उलटं विचारू. कोणत्या आकड्याला त्याच आकड्याने गुणलं की १,०८९ येतात? ३३ ला. म्हणून ३३ हे १,०८९ चे वर्गमूळ. नाव मोठं आहे, पण गोष्ट सोपी आहे. चौरस जागेचे क्षेत्रफळ ठाऊक असले, की वर्गमूळ तिची एक बाजू सांगते.

समजा, एका शेतकऱ्याची चार गुंठ्यांची चौरस बाग आहे. तिला तारेचे कुंपण घालायचे आहे. तो म्हणतो, "एका गुंठ्याच्या चारी बाजू मिळून १३२ फूट. मग चार गुंठ्यांना चौपट, म्हणजे ५२८ फूट."

ऐकायला बरोबर वाटतं, होय ना? पण हिशेब चुकला. ४ चे वर्गमूळ २. म्हणून बागेची बाजू चौपट होत नाही, दुप्पट होते. ३३ ची दुप्पट ६६. चारी बाजू मिळून २६४ फूट. तारेचे तीन वेढे घातले, तर ७९२ फूट तार पुरते. शेतकरी मात्र १,५८४ फूट तार आणणार होता. निम्मे पैसे वाया गेले असते!

एक ध्यानात ठेवा. हा हिशेब चौरस जागेचा. तीच चार गुंठे जागा ३३ फूट रुंद आणि १३२ फूट लांब असेल, तर एका वेढ्यालाच ३३० फूट तार लागेल. म्हणून आधी जागेचा आकार पाहावा.

आता पाण्याचा हौद घेऊ. हौदाला लांबी, रुंदी आणि खोली असते. तिन्ही एक एक मीटर असतील, तर त्यात १,००० लिटर पाणी मावते. तिन्ही दोन दोन मीटर केली तर? दुप्पट पाणी? नाही. २ गुणिले २ गुणिले २ म्हणजे ८. आठपट, म्हणजे ८,००० लिटर! येथे २ हे ८ चे घनमूळ.

मग दुप्पटच पाणी हवे असेल तर? २ चे घनमूळ पूर्ण आकड्यात येत नाही. ते सुमारे १.२६ आहे. म्हणून लांबी, रुंदी, खोली आतून १२६ सेंटिमीटर ठेवली, की काम झाले. हे ठाऊक नसले, तर गरज नसताना भलामोठा हौद बांधून बसू. विटा, सिमेंट, मजुरी, सारेच वाढेल.

तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी आणि तार आणण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. आपला हिशेब आपणच करा.

करून पाहा : नऊ गुंठ्यांच्या चौरस मळ्याला एका वेढ्यासाठी किती फूट तार लागेल?
(उत्तर : ३९६ फूट)