कवच टाकून वाढणारी कुर्ली

मालवण तालुक्यातील कालावल व कर्ली खाड्यांच्या कांदळवनात कुर्ली, म्हणजेच चिखलातील खेकडा आढळतो. त्याचे कठीण कवच शरीराबरोबर वाढत नाही. म्हणून जुने कवच टाकूनच त्याला मोठे व्हावे लागते.

हा क्रम मुख्यतः दोन संप्रेरकांच्या अधीन असतो. डोळ्यांच्या देठात तयार होणारे संप्रेरक कात टाकण्याची क्रिया रोखून धरते. त्याचा प्रभाव ओसरला की शरीरातील दुसरी ग्रंथी कात टाकण्यास प्रवृत्त करणारे संप्रेरक स्रवू लागते. जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होते. खेकडा बाहेर येतो, पाणी शोषून फुगतो आणि मग कवच कठीण होते. पिल्ले वारंवार कात टाकतात. वयाबरोबर हे अंतर वाढत जाते.

मऊ कवचाचा खेकडा मात्र असहाय असतो. जातभाईही त्याला खातात. राज्य शासनाच्या २०१७ च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजनेत खेकडापालनाचा समावेश करण्यात आला. अशा पालनात सारख्या आकाराची पिल्ले एकत्र ठेवणे, पुरेसे खाद्य व लपण्यास आडोसा देणे म्हणूनच अगत्याचे ठरते. खाडीत हा आडोसा कांदळवनाची मुळे देतात. ती तुटली, तर पिल्ले कात टाकीत राहतील. पण त्यांतील फारच थोडी मोठी होतील. याची जाणीव गावोगावी करून देणे ग्रामपंचायती व शिक्षक यांच्या हाती आहे.