‘नोव्हेना’ नवरात्रातून आलेला नाही

वसई, विरार, नालासोपारा या पट्ट्यातील चर्चमध्ये सणाआधी नऊ दिवस जी प्रार्थना चालते तिला नोव्हेना म्हणतात, आणि हा शब्द ‘नवरात्र’चेच बिघडलेले रूप आहे किंवा लॅटिनने संस्कृतातील ‘नव’ उचलून तो घडवला, असे छातीठोकपणे सांगितले जाते. दोन्ही शब्दांतील नऊ एकाच मुळाचे आहेत, एवढे अर्धसत्य त्यात असल्यामुळेच हा समज जात नाही. परंतु भावंडांना मायलेक ठरवून वंशावळ लिहिता येत नाही.

लॅटिनमध्ये नऊला ‘नोवेम’ म्हणतात आणि त्यावरूनच मध्ययुगीन लॅटिनमध्ये नऊ दिवसांच्या उपासनेसाठी ‘नोवेना’ हा शब्द रूढ झाला. सेप्तेम आणि सप्त, ओक्तो आणि अष्ट, देकेम आणि दश अशी सारी संख्यामालाच जुळते, तेव्हा प्रश्न एका उसन्या शब्दाचा उरत नाही. शिवाय ‘दश’ आणि ‘शत’ यांतील ‘श’च्या जागी लॅटिनमध्ये ‘देकेम’, ‘केन्तुम’ असा ‘क’ दिसतो. तुलनात्मक भाषाशास्त्रानुसार मूळ ध्वनी ‘क’च्या जवळचा होता आणि त्याचा ‘श’ संस्कृताकडे येताना झाला; मग जुना ध्वनी राखणाऱ्या लॅटिनने हे अंक संस्कृताकडून घेतले, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? विल्यम जोन्स यांचे नाव या दाव्यासाठी वारंवार घेतले जाते, पण त्यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात मांडले ते नेमके उलट होते: संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम समान असून ती मूळ भाषा बहुधा आता अस्तित्वात नाही.

प्रथेचा उगमही स्वतंत्र आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलमधील पुस्तकानुसार येशूच्या स्वर्गारोहणानंतर पवित्र आत्म्याच्या आगमनापर्यंत शिष्य प्रार्थनेत राहिले, आणि मधले दिवस मोजले तर नऊ भरतात. पुढे मध्ययुगीन स्पेन व फ्रान्समध्ये, मरियेच्या गरोदरपणाच्या नऊ महिन्यांचे प्रतीक म्हणून, नाताळाआधी नऊ दिवसांची उपासना रूढ झाली.

नोव्हेनाचा नोव्हेंबरशी संबंध एवढाच की मार्चपासून सुरू होणाऱ्या जुन्या रोमन वर्षात तो नववा महिना होता. असाच गैरसमज ‘मिस्सा’ या चर्चमधील मुख्य उपासनेच्या नावाबद्दलही आहे: ते इंग्रजी ‘मास’चे मराठी रूप नव्हे, १५३४ ते १७३९ या काळात वसईवर राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांचा तो शब्द आहे आणि त्याचे मूळ ‘पाठवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे, त्यामुळे ‘मास’ म्हणजे जमावाची प्रार्थना हा अर्थही चुकीचा ठरतो. त्या राजवटीत मिस्सा पोर्तुगीज भाषेत होत असे, हेही खरे नाही: १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट मोकळी करेपर्यंत वसईच्या वेदीवर तिची भाषा लॅटिनच होती.