वीस फुटांचा समुद्र आणि नऊ चुका

ऑक्टोबर २००७च्या एकाच आठवड्यात एका माहितीपटाची दोनदा पारख झाली. १० तारखेला लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मायकेल बर्टन यांनी ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रूथ’मधल्या नऊ चुकांवर बोट ठेवले. १२ तारखेला अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना, संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीसोबत, शांततेचे नोबेल जाहीर झाले. माहितीपट बेतला होता तो गोर यांच्याच व्याख्यानावर.

डेव्हिस गुगेनहाइम यांचा हा माहितीपट २००६ साली आला आणि तापमानवाढ हा सर्वसामान्यांच्या बोलण्यातला विषय झाला. त्यातल्या एका दृश्यात कार्बन डायऑक्साइडचा आलेख इतका उंच जातो, की त्याचे टोक दाखवायला गोर यांत्रिक शिडीवर चढतात. साडेसहा लाख वर्षांची नोंद प्रेक्षकाला एका नजरेत कळते.

हीच ताकद घसरते कुठे, हेही त्याच माहितीपटात दिसते. समुद्र वीस फुटांनी चढला तर कोणती शहरे बुडतील, हे गोर नकाशांवर दाखवतात. ग्रीनलँडचे बर्फ वितळले तर पाणी तेवढे चढू शकते. पण त्याला हजारो वर्षे लागतील, असे न्यायालयाने नोंदवले. नकाशा पाहणाऱ्याला मात्र हे संकट उंबरठ्यावर आल्यासारखे वाटते.

इंग्लंडच्या माध्यमिक शाळांना सरकारने हा माहितीपट पाठवला, म्हणून खटला उभा राहिला होता. न्यायमूर्तींनी त्यावर बंदी घातली नाही. त्यातले मुख्य विज्ञान बव्हंशी अचूक आहे, असे सांगून शिक्षकांसाठीच्या टिपांसह तो दाखवायला त्यांनी मुभा दिली.

त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर मार्टिन डर्किन यांचा ‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल’ लागला. तापमानवाढ माणसामुळे होते, हेच त्याला अमान्य होते. त्यात बोललेले सागरशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांनी प्रक्षेपणानंतर तक्रार केली. कार्यक्रमाचा एकांगी रोख त्यांना आधी पुरेसा सांगितला नव्हता, हे ऑफकॉम या नियामक संस्थेने २००८ साली मान्य केले. प्रेक्षकांची हानी होण्याइतकी दिशाभूल झाली, असे मात्र तिने मानले नाही.

या दोन माहितीपटांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. एकाने प्रस्थापित विज्ञान सांगताना काही ठिकाणी अतिशयोक्ती केली. दुसऱ्याने त्या विज्ञानाचा पायाच नाकारला. हा फरक विद्यार्थ्यांना ओळखता यायला हवा. त्यासाठी आपल्या शाळांनीही माहितीपट जरूर दाखवावेत, आणि ते संपल्यावर एक तास चर्चेसाठी राखून ठेवावा.