घराचा प्रश्न आणि आपले मत



निवडणूक आली की आपल्या फणसवाडीत नळाचे पाणी, गटार, कचरा, दिवाबत्ती यांवर चर्चा होते. घराचा विषय मात्र ‘तो म्हाडाचा’, ‘तो घरमालकाचा’ असे म्हणून बाजूला टाकला जातो. वास्तविक घरे किती व्हावीत, कोठे व्हावीत आणि कोणासाठी व्हावीत हे नियमांनी ठरते. ते नियम करणारी माणसे आपण निवडून देतो. म्हणून हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वी मुंबई महापालिकेच्या मतदानाला कर किंवा घरभाड्याची अट असे. ज्याची खोली लहान आणि भाडे थोडे, त्याला मतच नव्हते. प्रौढ मताधिकारावर पालिकेची पहिली निवडणूक १९४८ साली झाली. म्हणजे चाळीतल्या माणसाला घराविषयी बोलण्याचा हा अधिकार फार उशिरा मिळाला आहे. तो वाया घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

दक्षिण मुंबईतील जुन्या इमारतींची स्थिती आपण रोज पाहतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्यामुळे भाडेकरूला संरक्षण मिळाले, पण मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरवली. १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळ आले, तेव्हा १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांपैकी हजारो आजही टेकूंच्या आधाराने उभ्या आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्बांधणी रखडते तेव्हा किंमत अशी मोजावी लागते.

एका नियमाने किती फरक पडतो, याचे उदाहरण गिरण्यांच्या जमिनीचे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बंद गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले. ढोबळमानाने एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ साली राज्य शासनाने नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली, बांधकामाखालची जमीन त्यातून सुटली. हा बदल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये वैध ठरविला. सामान्यांच्या घरांसाठी मिळू शकणारी केवढी तरी जमीन लालबाग-परळच्या डोळ्यांदेखत गेली. त्याच भागात बी. डी. डी. चाळींचा निर्णय मात्र दुसऱ्या दिशेने झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याचे ठरले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या.

आता नगरसेवकाच्या हाती काय असते ते पाहू. म्हाडा, भाडे कायदा आणि नियमावलीची अंतिम मंजुरी राज्य शासनाकडे, म्हणून ते प्रश्न आमदारांना विचारावेत. परंतु विकास आराखडा प्रथम पालिकेत तयार होतो आणि सभागृहापुढे येतो. २०१५ चा प्रारूप आराखडा नागरिकांच्या व लोकप्रतिनिधींच्या हरकतींमुळे मागे घ्यावा लागला. सुधारित आराखड्यावर २०१७ मध्ये सभागृहात मतदान झाले. पालिकेच्या मालकीच्या जमिनी व चाळींचे प्रस्ताव सुधार समितीपुढे येतात. परळची ज्या बी. आय. टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे बावीस वर्षे राहिले, तीही सुधार ट्रस्टची. ट्रस्टचा कारभार १९३३ साली पालिकेकडे आला. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मात्र सभागृहच नव्हते, सारे प्रशासकाच्या हाती होते. अशा काळात जाब विचारायचा कोणाला?

म्हणून मत मागायला येणाऱ्याला, आणि निवडून आलेल्यालाही, पुढील प्रश्न विचारावेत :

१) वॉर्डातील पुनर्बांधणीच्या व नव्या घरांच्या प्रस्तावांना आपण सभागृहात पाठिंबा द्याल काय?

२) वाढत्या वस्तीसाठी पाणी व मलवाहिन्यांची तरतूद अंदाजपत्रकात मागाल काय?

३) इमारतींमध्ये उजेड, हवा व पुरेसे अंतर राहील याकडे लक्ष द्याल काय?

४) पालिकेच्या जमिनीवर कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरे मागाल काय?

आपल्याकडूनही एक गोष्ट घडते. स्वतःचे घर झाले की शेजारच्या नव्या इमारतीला आपण विरोध करतो. आपली मुले लग्नानंतर विरार-डोंबिवलीला का जातात, याचे एक कारण या विरोधातही आहे. घरे थोडी आणि मागणारे फार, तर भाव चढणारच. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला आज ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते आणि किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. ती संमती आपल्याच हातात आहे.

वाडी मोडली की शेजार मोडतो, मंडळे मोडतात, अडीअडचणीला धावून येणारी माणसे दूर जातात. हे टाळायचे असेल, तर मत देताना जात, पक्ष, ओळख यांबरोबर हाही हिशेब करावा : हा उमेदवार घरे उभी राहावीत म्हणून हात वर करणार आहे, की नाही?