दाराबाहेरची बैठक

"आई, जरा माझं पाठांतर घे ना," म्हणत लेकीनं वही पुढ्यात टाकली, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. मी विचारायचं, तिनं धडाधड सांगायचं.

"इकोवास?"

"पश्चिम आफ्रिकेतल्या देशांची संघटना. स्थापना १९७५. मुख्यालय नायजेरियातलं अबुजा. सदस्य पंधरा... नाही नाही, बारा. माली, बुर्किना फासो आणि नायजर २०२५च्या जानेवारीत बाहेर पडले. पुढचा विचार."

पुढचा कसला विचारते! मी तिथंच अडकले. काही वर्षांपूर्वी लायबेरियातल्या बायकांवरचा एक माहितीपट पाहिला होता, 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' नावाचा, २००८ सालचा. त्यात हीच इकोवास होती. "अगं, यांच्याच बैठकीच्या दारात बायका ठाण मांडून बसल्या होत्या," मी म्हटलं. "सिलॅबसमध्ये नाही ते," लेक म्हणाली. तिला नको तर नको. तुम्हाला सांगते.

इकोवास जन्माला आली ती व्यापार वाढावा म्हणून. पण शेजारी आग लागली की दुकान कसं चालणार? १९८९च्या नाताळच्या आदल्या दिवशी चार्ल्स टेलर आपली हत्यारबंद माणसं घेऊन आयव्हरी कोस्टमधून लायबेरियात घुसला आणि यादवी पेटली. पुढच्याच वर्षी इकोवासनं आपली फौज तिथं उतरवली. 'इकोमॉग' तिचं नाव. शेजाऱ्यांनी शेजाऱ्याचं भांडण सोडवायचं, बाहेरच्यांची वाट बघायची नाही, असा विचार. ऐकायला किती छान! पण भावकीतल्या भांडणात मध्यस्थ म्हणून बसलेल्यांपैकीच कुणी एकाला आतून रसद पुरवत असेल तर? तिथं तसंच होतं. नायजेरियाला टेलर नको होता, तर बुर्किना फासो आणि आयव्हरी कोस्टचा त्यालाच आधार होता. शिवाय या फौजेतल्या काही सैनिकांनी अशी लूट केली, की लोकांनी तिच्या नावाची फोड केली, 'एव्हरी कार ऑर मूव्हिंग ऑब्जेक्ट गॉन'. म्हणजे गाडी असो की हलणारी कुठलीही वस्तू, गेलीच समजा!

करार मात्र होत राहिले. एक झाला, मोडला. दुसरा झाला, तोही मोडला. डझनभराहून जास्त. शेवटी १९९७ला निवडणूक झाली आणि टेलरच राष्ट्राध्यक्ष झाला. दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध बंडखोर उभे राहिले. एका गटाला गिनीची मदत, नंतरच्या दुसऱ्याला आयव्हरी कोस्टची. हे सगळे इकोवासचेच सभासद बरं का! दोन्ही युद्धांत मिळून सुमारे अडीच लाख माणसं गेली, असं सांगतात.

आता बायकांकडे येते. लेमा बोवी ही समाजकार्य करणारी, लेकुरवाळी बाई. २००३ साली जेमतेम एकतीस वर्षांची. युद्धात होरपळलेल्या मुलांबरोबर काम करत होती. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी चर्चमधल्या बायका गोळा केल्या, मशिदीतल्या केल्या. पांढरे कपडे, डोक्याला पांढरे रुमाल, अंगावर दागिना नाही. मन्रोव्हियातल्या मासळीबाजाराजवळ, टेलरच्या गाड्यांचा ताफा जायचा त्या रस्त्याकडेला त्या रोज जाऊन बसायच्या. उन्हात आणि पावसातही. मागणी एकच: शांतता. एप्रिलमध्ये टेलरला त्यांना भेटावं लागलं, आणि वाटाघाटींना जायचं त्यानं कबूल केलं.

४ जून २००३ रोजी घानाची राजधानी अक्रा इथं इकोवासच्या पुढाकारानं बोलणी सुरू झाली. घानाचे अध्यक्ष कुफुओर तेव्हा इकोवासचे प्रमुख. आणि उद्घाटनाच्याच दिवशी जाहीर झालं, की सिएरा लिओनच्या विशेष न्यायालयानं टेलरवर युद्धगुन्ह्यांचं आरोपपत्र ठेवलंय. त्याला पकडा! घरी बैठकीला बोलावलेल्या पाहुण्याला पोलिसांच्या हवाली करायचं? घानानं केलं नाही. टेलर त्याच दिवशी मायदेशी परतला. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी त्याला धरलं असतं तर इकडे मन्रोव्हियात त्याच्या माणसांनी काय केलं असतं, कुणास ठाऊक.

जून गेला. सतरा तारखेला युद्धबंदीवर सह्या झाल्या आणि काही दिवसांतच ती मोडली. जुलै उजाडला. नायजेरियाचे माजी संरक्षण दलप्रमुख आणि माजी सत्ताधीश जनरल अब्दुलसलामी अबूबकर मध्यस्थी करत होते. बंडखोरांचे म्होरके चांगल्या हॉटेलात उतरलेले. बोलणी कशावर? कोणतं खातं कुणाला, कोणतं महामंडळ कुणाकडे! आणि मन्रोव्हियाचं बंदर बंडखोरांनी घेतलेलं, त्यामुळे तांदूळ शहरात येईना. ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्यांना त्या टेबलाशी जागा नव्हती. आपल्याकडे लग्नाच्या यादीची बैठक बाहेरच्या खोलीत चालते आणि बायका आत पोहे परतत दाराआडून कान देतात, त्याची मला आठवण झाली. घाई फक्त आतल्यांना असते.

२१ जुलैला मन्रोव्हियावर तोफगोळे पडले. अमेरिकन वकिलातीच्या आवारात आसरा घेतलेली माणसंही मेली आणि लोकांनी प्रेतं आणून वकिलातीच्या दारात रचली. अक्रात बोवीला हे कळलं. तिच्याबरोबर लायबेरियातून आलेल्या बायका होत्याच, शिवाय घानातल्या निर्वासित छावणीतल्याही. दोनशेच्या आसपास बायका सभागृहाच्या दारापाशी हातात हात गुंफून जमिनीवर बसल्या. करार होईपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही, असा निरोप आत गेला.

सुरक्षारक्षक तिला अटक करायला आले. तेव्हा ती म्हणाली, थांबा, तुमचं काम मी सोपं करते, आणि डोक्याचा रुमाल सोडून अंगावरची वस्त्रं उतरवायला लागली. हे आपल्या मनाला पटायला जड जातं, मलाही गेलं. पण त्या मुलखात आईच्या वयाच्या बाईनं रागानं स्वतः विवस्त्र होणं म्हणजे बघणाऱ्याला घोर शाप. रक्षक मागे सरले. अबूबकर बाहेर आले. बायकांवरून उडी मारून निसटू पाहणाऱ्या एका म्होरक्याला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं, तू खरा मर्द असतास तर आपल्याच माणसांना मारलं नसतंस! मग वाटाघाटी झाल्या त्या जनरल आणि जमिनीवरच्या बायकांमध्ये. प्रतिनिधी रोज बैठकीला हजर राहतील, जाता-येता बायकांचा अपमान करणार नाहीत, या अटींवर दार मोकळं झालं. बाईनं मुत्सद्देगिरी कुठं शिकली म्हणायची!

एवढ्यानंच युद्ध थांबलं, असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेचा दबाव होता, बंडखोर राजधानीत घुसले होते आणि नायजेरियानं टेलरला आसरा देऊ केला होता. ४ ऑगस्टला इकोवासचे नायजेरियन सैनिक उतरले. ११ ऑगस्टला टेलर पायउतार होऊन नायजेरियाला गेला. १८ ऑगस्टला अक्रात करारावर सह्या झाल्या. पण जूनभर रेंगाळलेली बैठक २१ जुलैनंतर चार आठवड्यांत संपली, हे त्या बायकांच्या खात्यावर मांडायलाच हवं.

करारात काय होतं? सरकारला पाच खाती, दोन्ही बंडखोर गटांना पाच-पाच. बंदुका चालवणारे मंत्री झाले. ज्यांनी शेतं जाळली त्यांच्याच सह्या, त्यांच्याच खुर्च्या. दारात बसलेल्या बायकांना हे दिसत नव्हतं का? दिसत होतं. गोळीबार थांबवायची ती किंमत होती, आणि ती त्यांनी मोजली.

पुढे २००५च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सर्लीफ निवडून आल्या. आफ्रिकेत लोकांनी मतदानानं निवडलेल्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. २००७मध्ये आपल्या सीआरपीएफच्या महिलांची तुकडी राष्ट्रसंघातर्फे तिथं गेली, अध्यक्षांच्या कचेरीवर पहारा द्यायला. संपूर्ण महिलांची अशी पहिलीच पोलीस तुकडी. २०१६मध्ये ती परत आली. २०११चं शांततेचं नोबेल सर्लीफ, बोवी आणि येमेनच्या तवक्कुल करमान यांना विभागून मिळालं.

"आणि टेलर?" लेकीनं विचारलं. वही कधीच मिटून ठेवली होती तिनं.

२००६मध्ये धरला. २०१२मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा. पण ती सिएरा लिओनमधल्या गुन्ह्यांसाठी. लायबेरियात त्यानं जे केलं, त्यासाठी त्याच्यावर खटला झालेला नाही. पहिल्या युद्धात तत्कालीन अध्यक्षाला हाल करून मारणाऱ्या टोळीचा म्होरका प्रिन्स जॉन्सन तर लोकांच्या मतांवर सिनेटर झाला आणि २०२४मध्ये मरेपर्यंत सिनेटरच होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष बोकाई यांनी युद्धगुन्ह्यांच्या न्यायालयाची तयारी करण्यासाठी कार्यालय काढायचा आदेश काढला. करारानंतर एकवीस वर्षांनी.

"म्हणजे त्या बायकांनी घाई केली का गं?" तिनं विचारलं.

मेथीची जुडी केव्हाच निवडून झाली होती. मी म्हटलं, तुला आणि मला पोटभर जेवून हा प्रश्न विचारता येतो. त्यांच्या शहरात त्या दिवशी तांदूळ नव्हता.