महामार्गावरील संदेशफलक : आपत्कालीन वाहतूक नियमनाचे साधन

प्रयागराज येथे १३ जानेवारी ते २६ फेब्रुवारी २०२५ या काळात भरलेल्या महाकुंभामुळे जबलपूरमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या वाहतुकीवर प्रचंड ताण पडला. ९ फेब्रुवारीच्या सुमारास कटनी, मैहर व रीवा परिसरात वाहने खोळंबली आणि प्रवाशांना कटनी-जबलपूरकडे परतून तेथेच थांबण्याच्या सूचना पोलिसांना द्याव्या लागल्या. रांगेत अडकल्यावर मिळालेल्या सूचनेचा उपयोग मर्यादित असतो. तीच आधीच्या फाट्यावर मिळाल्यास प्रवाशाला पर्याय उरतो. परिवर्तनशील संदेशफलकांचे महत्त्व येथेच आहे.

कार्यपद्धती

या एलईडी फलकांवरील मजकूर नियंत्रण कक्षातून बदलता येतो. कॅमेरे, गस्तीपथके व १०३३ या मदत क्रमांकावरून मिळालेल्या माहितीची खातरजमा करून घटनास्थळाच्या अलीकडील फलकांवर संदेश झळकवला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसने २०१० मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे (आयआरसी:एसपी:८५) प्रसिद्ध केली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ मध्ये कार्यान्वित झालेल्या बुद्धिमान वाहतूक व्यवस्थापन प्रणालीतही असे फलक आहेत.

संदेशाची रचना

ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. फलक २०० मीटरवरून वाचता येत असेल, तर चालकाला जेमतेम सात सेकंद मिळतात. म्हणून काय घडले, कोठे घडले आणि काय करावे, एवढेच सांगावे लागते. उदाहरणार्थ : ‘अपघात – ५ कि.मी. पुढे – डावीकडून जा’. तोच मजकूर दोन भाषांत आलटून पालटून दाखविल्यास प्रत्येक भाषेच्या वाट्याला निम्माच वेळ येतो.

स्थान आणि मर्यादा

फलक निर्णयबिंदूच्या अलीकडे हवा. नागपूरहून येणाऱ्यांसाठी लखनादौन हा असा बिंदू आहे. तेथून एक रस्ता जबलपूरकडे, तर दुसरा नरसिंहपूर-सागरकडे जातो. मात्र पर्यायी रस्त्याची क्षमता न तपासता सर्व वाहने तिकडे वळविल्यास कोंडी सुटत नाही, केवळ जागा बदलते. मार्ग मोकळा झाल्यावरही जुना संदेश कायम राहिला, तर चालकांचा फलकावरील विश्वास उडतो आणि पुढचा खरा इशाराही दुर्लक्षिला जातो.

उत्तर प्रदेशातील कोंडीची वार्ता मध्य प्रदेशातील फलकावर वेळेत उमटण्यासाठी राज्याराज्यांतील नियंत्रण कक्षांमध्ये माहितीची तत्काळ देवाणघेवाण आवश्यक ठरते. या समन्वयाअभावी अद्ययावत फलकही मूकच राहतो.